‘ग्रामीण भागात मागणी नाही’ म्हणणाऱ्या कॉमिक्सवाल्यांना झाडीपट्टीतून खुलं पत्र

प्रति,
टीव्हीवरच्या कार्टून मालिकांची कॉमिक्स काढणाऱ्या आणि त्यांचे हक्क विकणाऱ्या-विकत घेणाऱ्या कंपन्या,
तसेच मराठीत मुलांची पुस्तकं छापणारे सगळे प्रकाशक

नमस्कार.

मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, भंडारा जिल्ह्यात लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यात ड वर्गाचं सार्वजनिक वाचनालय सांभाळतो. ड वर्ग म्हणजे सरकारी उतरंडीतली शेवटची पायरी, तेव्हा अनुदान किती आणि ते कधी येतं हे विचारूच नका. एक खोली, काही कपाटं, एक लांब टेबल आणि संध्याकाळी शाळा सुटली की पोट्ट्यांचा गोंधळ, एवढंच आमचं वैभव.

मध्यंतरी एका प्रकाशकाला आम्ही ईमेल केला. नाव घेत नाही, कारण भांडण त्या एकट्याशी नाही. विचारलं एवढंच होतं की ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या मालिकेची जी कॉमिक्स आहेत ती मराठीत काढायचा काही विचार आहे का, आणि अवतार नाही तर निदान छोटा भीम, मोटू-पतलू असं काहीतरी धड छापलेलं मराठीत मिळेल का. उत्तर दोन ओळींचं आलं. मराठीत कॉमिक्सला मागणी नाही, ग्रामीण भागात तर अजिबातच नाही, त्यामुळे सध्या विचार नाही. धन्यवाद. आता ‘परवडत नाही’ म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो, परवडत नाही हे आम्हाला चांगलं समजतं, पण मागणी नाही हे कोणाला विचारून ठरवलं? आमच्या गावात तर कोणी विचारायला आलं नाही, आजूबाजूच्या गावांत आलं असतं तर कानावर पडलंच असतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

आधी हे सांगतो की ही कॉमिक्स आमच्यापर्यंत आली कशी. नागपूरला शिकणाऱ्या गावातल्याच एका पोराने सीताबर्डीच्या फुटपाथवरून अवतारची दोन जुनी इंग्रजी पुस्तकं आणली, एक ‘द प्रॉमिस’ आणि एक ‘द सर्च’, आणि वाचनालयात ठेवून गेला. मालिका पोट्ट्यांनी मोबाईलवर बघितलेलीच होती, कोणाच्या घरी रेंज असेल तिथे घोळका करून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही मालिका २००५ ते २००८ या काळात आली, एकूण ६१ भाग, निकलोडियनची. पाणी, माती, अग्नी, हवा वाकवणारी, म्हणजे मनासारखी हलवणारी माणसं, शंभर वर्षांचं युद्ध, आणि ते युद्ध संपवायची जबाबदारी बारा वर्षांच्या आंग नावाच्या टकल्या पोराच्या डोक्यावर. शेवटच्या भागात युद्ध संपतं, राजपुत्र झुको गादीवर बसतो आणि मग तुरुंगात पडलेल्या बापाला जाऊन विचारतो, माझी आई कुठे आहे. आणि मालिकेने तो प्रश्न तसाच लटकवून ठेवला. २००८ साली.

त्याचं उत्तर मिळालं ते २०१३ साली, ‘द सर्च’मध्ये, म्हणजे कॉमिक्समध्ये. टीव्हीवर नाही. माझं सगळं म्हणणं खरं तर याच एका गोष्टीभोवती आहे. मालिका बघून जे पोरगं अडकून पडलंय, ज्याला पुढे काय झालं हे कळल्याशिवाय चैन नाही, त्याला पुढची गोष्ट फक्त पुस्तकातच मिळणार असेल तर ते पोरगं पुस्तक उघडतंच. त्याच्यासाठी वाचन प्रेरणा दिन लागत नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकावे लागत नाहीत, ‘वाचाल तर वाचाल’चा फलक लागत नाही. सातवीतला एक पोट्टा, ज्याने कधी कपाटाला हात लावला नव्हता, तो डिक्शनरी मांडीवर घेऊन ‘द सर्च’ची पानं लावत बसला होता, संवादाच्या एका फुग्यातल्या चार शब्दांसाठी तीन वेळा डिक्शनरी उघडायची आणि मधेच वैतागून “काका, हे मराठीत काहून नाही?” मी काय सांगू त्याला? मागणी नाही म्हणून?

आता तक्रारी. क्रमाने मांडायचा प्रयत्न करतो, थोडं मागेपुढे होईल.

पहिली तक्रार, तुम्ही कॉमिक्सला मालिकेची जाहिरात समजता. टिफिन, बॅग, कंपास, पाण्याची बाटली, आणि त्याच रांगेत कॉमिक्स. एसटी स्टँडवर मिळणारं एक पुस्तक आत्ता समोर ठेवून लिहितोय, कोणत्या मालिकेचं ते जाऊ द्या. त्यातली चित्रं काढलेली नाहीतच, मालिकेतली दृश्यं थांबवून उचलली आणि पानावर चिकटवली. पान ९ वर हिरो उडी मारतोय, त्याचे पाय चौकटीने कापलेत, मागचं डोंगर-झाड सगळं फिसकटलेलं कारण चालत्या चित्रातून धरलेलं, आणि संवादाचा फुगा नेमका व्हिलनच्या तोंडावर, त्यामुळे तो रागावलाय की हसतोय ते कळत नाही. खालच्या चौकटीत एकदम दुसरीच जागा. मधलं काय झालं? ते टीव्हीवर होतं. म्हणजे ज्याने भाग बघितलाय त्यालाच पुस्तक कळणार आणि ज्याने बघितलाय त्याला पुस्तकात नवीन काहीच नाही. लग्नाचा व्हिडिओ थांबवून थांबवून प्रिंटा काढल्या आणि त्याला अल्बम म्हटलं, तसला प्रकार.

बरं हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अवतारचीच पहिली पुस्तकं अमेरिकेत अशीच निघाली होती, २००६ साली टोकियोपॉपने, मालिकेतलेच स्थिर फोटो चौकटीत लावून. पण ते लोक तिथे थांबले नाहीत. डार्क हॉर्स नावाच्या कंपनीने २०११ मध्ये आधी छोट्या छोट्या गोष्टींचा संग्रह काढला, आणि २०१२ पासून थेट मालिका संपते तिथून पुढची कथा सुरू केली, जीन लुएन यांग या लेखकाकडून लिहून घेतली, गुरिहिरू नावाच्या दोन जपानी बायकांच्या जोडीने चित्रं काढली, मालिका ज्यांनी निर्माण केली ते डिमार्टिनो आणि कोनिएत्झको सोबत होते. द प्रॉमिस, द सर्च, द रिफ्ट, स्मोक अँड शॅडो, नॉर्थ अँड साऊथ, प्रत्येक गोष्ट तीन भागांत. चित्रं बघा, माती वाकवणारी पोरगी टॉफ पाय आपटते तेव्हा माती कशी उठते ते स्थिर चित्रात दिसतं, त्यासाठी हलायची गरज पडत नाही. हे असं काम करायला चित्रकार लागतो, स्क्रीनशॉटचं बटन नाही.

या यांगबद्दल एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. २०१० मध्ये अवतारवर सिनेमा आला, त्यात आशियाई वाटणाऱ्या पात्रांसाठी गोरे नट घेतले म्हणून ज्यांनी जाहीर टीका केली त्यात हा माणूस होता, त्याने त्यावर चक्क कॉमिक काढलं होतं. आणि पुढे त्याच मालिकेची कॉमिक्स लिहायचं काम त्यालाच दिलं गेलं. टीका करणाऱ्याला बोलावून काम देणं, हे आपल्याकडे कोणी केल्याचं ऐकलंय का? (मला काम नको, मला पुस्तकं हवीत. गैरसमज नको.)

दुसरी तक्रार जरा मोठी आहे. तुम्ही धरून चालता की खेड्यातल्या पोरांना फक्त मारामारी आणि लाडू-समोसे पुरतात. ‘द प्रॉमिस’मध्ये गोष्ट अशी आहे की युद्ध संपलं, आता अग्निराष्ट्राच्या, म्हणजे झुकोच्या देशाच्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी पृथ्वीराज्यात ज्या वसाहती केल्या त्या उठवायच्या असं ठरतं. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण यू दाओ नावाच्या शहरात लोक पिढ्यान् पिढ्या राहतायत, दोन्हीकडच्यांची लग्नं झालीत, पोरं झालीत, त्यांना आता उठा म्हणायचं का? आंग आणि झुको, एवढे जिगरी दोस्त, याच्यावरून समोरासमोर येतात. मी हे वाचून मराठीत सांगत होतो आणि टेबलाच्या टोकाला एक पोरगी बसली होती जिच्या मामाचं गाव गोसीखुर्द धरणाच्या बुडितात गेलंय. सगळे पोट्टे आता लढाई होणार म्हणून वाट बघत होते आणि हिने विचारलं, “मंग त्यायले प्लॉट भेटला का?”

मला पुढचं पान लवकर उलटता आलं नाही. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ सालचं, तिचा जन्मही नव्हता, तिच्या आईचं लग्न झालं नव्हतं, पण प्लॉट भेटला का हा प्रश्न तिच्या घरात रोजचा आहे. अमेरिकेतल्या कार्टूनच्या कॉमिक्समधलं हे तिला जेवढं कळलं तेवढं मला वाटतं तिकडच्या वाचकांनाही कळलं नसेल. तसंच ‘द रिफ्ट’मध्ये, पवित्र मानलेल्या जागेवर कारखाना उभा राहतो, नदीत घाण जाते, आणि तरी त्याच कारखान्यावर लोकांची पोटं आहेत. वैनगंगेच्या काठावरच्या माणसाला, चंद्रपूरच्या कोळशाच्या धुरात राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला लागतं का? या गोष्टी इथे ‘चालणार नाहीत’ हे तुमचं अनुमान मुंबई-पुण्याच्या ऑफिसात बसून केलेलं आहे एवढंच मी म्हणतो.

तिसरी, किंमत. इंग्रजी प्रती ऑनलाईन आहेत, मान्य. पण एका पुस्तकात इथल्या बाईची रोवणीची, म्हणजे धान लावणीची, कितीतरी दिवसांची मजुरी जाते, आणि गोष्ट तीन भागांत, म्हणजे हिशोब करा. गुळगुळीत कागद आम्ही मागितलेलाच नाही. चांदोबा काय आर्ट पेपरवर वाचला का कोणी?

चौथी बारीक आहे पण छापणाऱ्यांनी नीट ऐकावी. इंग्रजीसाठी काढलेल्या फुग्यात देवनागरी कोंबलं की वरची वेलांटी आणि रफार चौकटीला घासतात, खालचा उकार कापला जातो, मग टाईप बारीक करायचा, इतका बारीक की संध्याकाळी व्होल्टेज कमी असलं की आमच्या खोलीत वाचताच येत नाही. फुगे नव्याने काढा. अक्षरं हाताने काढणारा माणूस घ्या. त्याचे पैसे वाचवून तुम्ही काय मोठे होणार आहात.

आणि पाचवी तक्रार तुमच्याकडे नाही, ग्रंथनिवड करणाऱ्या समित्यांकडे आहे, त्यांनाही हे पत्र लागू समजावं. कॉमिक्स म्हटलं की ‘टाईमपास’ असा शेरा. खरेदीच्या यादीत त्याच त्या चरित्रमाला दरवर्षी, ज्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. सार्वजनिक ग्रंथालयांचा आपला कायदा १९६७ चा आहे, त्याच वर्षी अमर चित्र कथा सुरू झाली, आणि इतक्या वर्षांनंतरही आम्ही चित्रांची गोष्ट हे पुस्तक आहे की नाही यावर अडलोय.

आता मागणीचं. हे मला सविस्तर बोलायचं आहे कारण मुळात दुखलंय तिथेच.

मराठीत कॉमिक्स विकली जात नाहीत म्हणता, तर टाइम्सवाल्यांची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून १९९० पर्यंत निघत होती आणि मराठीतही येत होती. आमच्या वडिलांच्या पिढीला वेताळ (म्हणजे फँटम) आणि जादूगार मँड्रेक कोणी शिकवले नाहीत, त्यांनी एसटीत, न्हाव्याच्या दुकानात, मळणीच्या खळ्यावर बसून वाचले. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून चालू आहे, तेही गावोगाव गेलं. म्हणजे मुलांचं चित्रांचं वाचन इथे होतं, तुम्ही माल थांबवला आणि मग म्हणालात गिऱ्हाईक नाही.

आणि इथला माणूस करमणुकीवर पैसा खर्च करत नाही असं ज्याला वाटतं त्याने एकदा गडचिरोली जिल्ह्यात वडसा-देसाईगंजला यावं. झाडीपट्टी रंगभूमी ऐकली असेल, नसेल तर आता ऐका. धान निघालं, दिवाळी झाली की होळीपर्यंत गावोगाव नाटकं, शेतात मंडप टाकून, रात्रभर, तिकीट काढून. थंडीत ब्लँकेट घेऊन बायाबापड्या पोरंसोरं पहाटेपर्यंत बसतात. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, बुकिंगचे बोर्ड लागलेले असतात. हे सगळं खेड्यातल्या माणसाच्या खिशावर चालतं, कोणत्या चॅनेलच्या नाही. दिवाळीनंतर गावागावांत मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य होते, पाहुणे येतात, लेकी-जावई येतात, लेकराच्या हातात काहीतरी द्यायचं म्हणून प्रत्येक मामा खिशात हात घालतो आणि त्या वेळी दुकानात असतं काय, तर प्लास्टिकची बंदूक आणि फुगे. तिथे तीस-चाळीस रुपयांचं मराठी कॉमिक ठेवून बघा. ठेवून बघा आणि मग मला दोन ओळींचा ईमेल करा.

अजून एक. मालिका आणि कॉमिक्स यांचं नातं एकाच बाजूने जात नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मोटू-पतलू ‘लोटपोट’ या हिंदी मासिकातून उठून २०१२ मध्ये टीव्हीवर गेले. डोरेमॉन १९६९ साली जपानी मासिकांत आला, टीव्हीवर त्याच्यानंतर. बॅटमनच्या १९९२ च्या कार्टून मालिकेवरून कॉमिक्स निघाली, आणि त्यातलीच एक गोष्ट, ‘मॅड लव्ह’, १९९४ ची, पुढे उलट टीव्हीवर भाग होऊन आली. सिम्पसन्सवाल्यांनी तर १९९३ मध्ये बोंगो कॉमिक्स म्हणून स्वतंत्र कंपनीच काढली आणि २०१८ पर्यंत चालवली. आपल्याकडे छोटा भीम २००८ पासून घराघरात आहे, हैदराबादच्या ग्रीन गोल्डने त्याची कॉमिक्सही काढली, म्हणजे यंत्रणा आहे, चित्रकार आहेत, पोरांचं प्रेम आहे. मराठीत धडपणे आणायला अडचण कसली आहे ते एकदा खरं खरं सांगा.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

मालिकेवरची कॉमिक्स मराठीत काढा, आणि ती काढलेली असू द्या, कापून चिकटवलेली नको. टीव्हीवर संपलं त्याच्या पुढची गोष्ट द्या. सुरुवात अवतारपासून केली तर आमचे पोट्टे तुमचे आयुष्यभराचे ऋणी, पण हट्ट नाही.

किंमत पन्नासच्या आत ठेवा, कागद साधा चालेल, शिवण पक्की द्या, कारण आमच्याकडे एक पुस्तक पंधरा हातांतून जातं आणि स्टेपलची पिन दुसऱ्याच आठवड्यात निघते.

मराठी करणारा माणूस पोरांशी बोलणारा निवडा, परिपत्रक लिहिणारा नको. चित्रकार बाहेरून आणायची गरज पडणार नाही, नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून दरवर्षी पोरं बाहेर पडतात आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे हात इथे बसलेले आहेत. एकदा त्यांचा राजवाडा आणि त्यांचं जंगल बघा, मग बोलू. आणि लेखक, चित्रकार, अक्षर काढणारा, सगळ्यांची नावं कव्हरच्या आत छापा. कोणाचं ते कळू द्या.

वाचनालयांना थेट सवलतीत द्या, पार्सल वडसा रेल्वे स्टेशनवर किंवा लाखांदूरच्या एसटी स्टँडवर पाठवा, तिथून आणायची जबाबदारी आमची.

ग्रंथनिवडवाल्यांनी यादीत कॉमिक्ससाठी वेगळा रकाना करावा. छोटा चालेल.

आणि हे काहीच जमत नसेल तर निदान एक पुस्तक, एकच, छापून यंदाच्या मंडईत विकायला द्या. टेबल-खुर्ची वाचनालयाची, बसायला मी आणि आमचे दोन पोट्टे, कमिशन नको, उरलेला माल मोजून परत. किती खपलं त्याचा कागद सही-शिक्क्यानिशी तुम्हाला पाठवतो. मंडया भाऊबीजेपासून सुरू होतात, तेव्हा छपाईचं काय ते पोळ्याच्या आत कळवा, नंतर धान कापणीत इथे कोणी फोन उचलत नाही.

आपला,
एका ड वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल
ता. लाखांदूर, जि. भंडारा